संगणक अडला, तर हाक कोणाला?

नोव्हेंबर जवळ आला की निवृत्तिवेतन घेणाऱ्या घरांत हयातीच्या दाखल्याची आठवण निघू लागते. पूर्वी या दाखल्यासाठी बँकेत जाऊन रांगेत उभे राहावे लागे. १० नोव्हेंबर २०१४ रोजी ‘जीवन प्रमाण’ ही सोय सुरू झाली आणि हे काम आधार क्रमांकाच्या साहाय्याने घरी बसून करता येऊ लागले. २०२१ पासून तर बोटाच्या ठशाऐवजी मोबाइलच्या कॅमेऱ्यात चेहरा दाखवूनही ते होते. रांग सुटली, पायांचे कष्ट वाचले. मात्र काम आता अशा यंत्राच्या हाती गेले, की जे नेमके गरजेच्या दिवशी रुसून बसते.

आपल्या रत्नागिरीत हे रुसणे जरा अधिक जाणवते. माळनाका, नाचणे, शिवाजीनगर, टिळक आळी, कुठेही पाहा. मुलगा पुण्यात, मुलगी ठाण्यात किंवा परदेशात, आणि घरात दोघेच, अशी कितीतरी घरे आहेत. मुलांनी जाताना मागे ठेवलेला संगणक घरात असतो. त्यावर विजेचे बिल भरायचे, नातवंडांची तोंडे पाहायची, रेल्वेचे आरक्षण करायचे, बँकेचा हिशेब पाहायचा. तो अडला की मदत कोणाला मागायची, हा प्रश्न वरवर किरकोळ वाटतो. प्रत्यक्षात या प्रश्नाच्या उत्तरावर आयुष्यभराची पुंजी अवलंबून असू शकते.

या सदरात आपण बहुधा रक्तदाब, सांधे, झोप यांविषयी बोलतो. आजचा विषय त्याहून फार लांबचा नाही. दुखणे अंगावर काढण्याची सवय आपल्या पिढीला आहे, आणि यंत्राचे दुखणेही आपण तसेच अंगावर काढतो. ‘मुलाला कशाला त्रास द्यायचा’, ‘पुन्हा तेच विचारले तर हसतील’, असे म्हणत दिवस ढकलतो. शरीराच्या बाबतीत या संकोचाचे जे परिणाम होतात, तेच येथेही होतात.

दुखणे नीट सांगावे

डॉक्टरांकडे गेल्यावर ‘बरे वाटत नाही’ एवढेच सांगून भागत नाही. कधीपासून, कुठे, काय केल्यावर, हे सांगावे लागते. संगणकाविषयीचे संभाषण मात्र बहुतेक घरांत असे होते :

‘‘अरे, कॉम्प्युटर बिघडला.’’

‘‘काय झालं, बाबा?’’

‘‘काहीच चालत नाही.’’

‘‘काहीच म्हणजे नक्की काय?’’

‘‘काहीच म्हणजे काहीच!’’

इथे दोघांचाही आवाज चढतो आणि फोन खाली ठेवला जातो. त्याऐवजी बाबा असे म्हणाले असते तर? ‘‘प्रिंटर छापत नाही. पडद्यावर ‘ऑफलाइन’ असं दिसतंय. काल संध्याकाळी वीज गेली, त्याआधी व्यवस्थित छापत होता.’’ एवढ्यावरून मुलाला निदान करता येते. वीज गेल्यामुळे वायफाय बंद पडले असणार आणि परत सुरू झाल्यावर प्रिंटरची त्याच्याशी जोडणी झाली नसणार. प्रिंटर एकदा बंद करून पुन्हा सुरू करायचा, बहुधा तेवढ्यावर काम भागते.

म्हणून संगणकाजवळ एक वही ठेवावी. अडचण आली की तीन गोष्टी लिहाव्यात. आपण काय करत होतो, पडद्यावर कोणते शब्द उमटले, आणि त्याआधी नवे काय घडले. इंग्रजी शब्दांचा अर्थ लागला नाही तरी अक्षरे जशीच्या तशी उतरवावीत, किंवा मोबाइलने पडद्याचे छायाचित्र काढावे. छायाचित्रात खाते क्रमांक अथवा पासवर्ड येत नाही, एवढे मात्र पाहावे.

घरातले प्रथमोपचार

काही तक्रारींसाठी कोणालाही बोलवावे लागत नाही. संगणक मंद झाला किंवा एखादी खिडकी गोठल्यासारखी झाली, तर उघडी कामे जतन करून ‘रीस्टार्ट’ निवडावे. अनेक कामे मागच्या मागे चालू राहून यंत्राची तात्पुरती स्मृती भरलेली असते, ती यामुळे मोकळी होते. विंडोज असलेल्या बऱ्याच संगणकांत ‘शट डाउन’ने सगळे पूर्णपणे पुसले जात नाही. पुढच्या वेळी लवकर सुरू व्हावे म्हणून थोडे राखून ठेवलेले असते. त्यामुळे अशा वेळी ‘रीस्टार्ट’च उपयोगी पडते. पडदा मुळीच हलत नसेल, तर चालू करण्याचे बटण दहा-पंधरा सेकंद दाबून धरावे.

इंटरनेट गेले, तर राउटरचा प्लग काढावा, अर्ध्या मिनिटाने परत लावावा आणि दिवे स्थिर होईपर्यंत दोन-तीन मिनिटे थांबावे. अक्षरे बारीक दिसत असतील, तर ‘कंट्रोल’ कळ दाबून धरून अधिकच्या चिन्हाची कळ दाबावी. ब्राउझरमधील मजकूर मोठा होतो. ‘कंट्रोल’ आणि शून्य दाबले की तो मूळ आकारात येतो. हात थरथरत असेल, तर माऊसचा वेग आणि दोनदा टिचकी मारण्याची गती कमी करून घेता येते. हे एकदा कोणाकडून तरी करून घ्यावे. रोजचा त्रास वाचतो.

आपल्याकडे पावसाचाही विचार करावा लागतो. रत्नागिरीत वर्षाला सरासरी ३००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. हवेतल्या दमटपणाने यंत्राच्या आतील जोड गंजतात, म्हणून पावसाळ्यात वापर नसला तरी दोन-तीन दिवसांनी संगणक तासभर चालू ठेवावा. मे-जूनमधील वळीव आणि ऑक्टोबरमधील परतीचा पाऊस गडगडाट घेऊन येतो. त्या वेळी नुसते बटण बंद करून भागत नाही, प्लग भिंतीतून काढून ठेवावा. इंटरनेटची फायबर तार काचेची असली, तरी तिच्या डबीला वीज लागतेच, तेव्हा तोही प्लग काढावा. आकाशात गडगडाट सुरू होण्यापूर्वी हे करावे, ऐन कडकडाटात प्लगला हात लावू नये.

पडद्यावरचा फोन क्रमांक

आता सर्वांत महत्त्वाचे. एखाद्या दुपारी आपण बातम्या वाचत असता अचानक पूर्ण पडदा लाल किंवा निळा होतो, कर्कश भोंगा वाजू लागतो. ‘तुमच्या संगणकात व्हायरस शिरला आहे, यंत्र बंद करू नका, ताबडतोब या क्रमांकावर फोन करा’ असा मजकूर एखाद्या मोठ्या कंपनीच्या चिन्हासह झळकतो. घरात एकटे असताना छातीत धस्स होते. समोर क्रमांक आहे, तो विनामूल्यही आहे, आणि मुलगा या वेळी कामात असेल. मग फोन लावला जातो.

पलीकडचा माणूस अत्यंत सौम्य बोलतो. तो संगणकावर ‘एनीडेस्क’सारखा एखादा प्रोग्राम उतरवायला सांगतो आणि पडद्यावर येणारा क्रमांक विचारतो. असे प्रोग्राम मुळात वाईट नाहीत. दूरच्या संगणकाची दुरुस्ती करण्यासाठीच ते निर्माण झाले. पण तो क्रमांक अनोळखी माणसाला सांगणे म्हणजे घराची किल्ली त्याच्या हाती देणे होय. त्याला आपला पडदा दिसतो, आपला माऊस हलवता येतो. दुरुस्तीचे नाममात्र शुल्क भरा किंवा परतावा घ्या, या निमित्ताने तो आपल्यालाच बँकेचे खाते उघडायला लावतो. या प्रकारच्या फसवणुकीबाबत रिझर्व्ह बँकेने २०१९ मध्येच बँकांना सावध केले होते.

लक्षात ठेवायचे सूत्र एकच आहे. आपण शोधून बोलावलेली मदत ती मदत. न बोलावता दारात आलेली मदत संशयास्पद. मायक्रोसॉफ्टने स्वतःच सांगितले आहे, की त्यांच्या खऱ्या सूचनांमध्ये फोन क्रमांक कधीच नसतो. तो भोंगा वाजवणारा पडदा म्हणजे बहुधा निव्वळ एक वेबपान असते. ‘एस्केप’ कळ काही सेकंद दाबून धरावी, मग ‘ऑल्ट’ आणि ‘एफ ४’ या कळा एकत्र दाबाव्यात. तेही जमले नाही, तर सरळ बटण दाबून धरून संगणक बंद करावा. ‘बंद करू नका’ असे जे तो सांगतो, तेच आपण करायचे. पुन्हा सुरू केल्यावर ‘आधीची पाने उघडू का?’ असे विचारले गेले, तर नकार द्यावा.

भीतीला निमित्त पुरवणारी आणखी एक गोष्ट सांगून ठेवतो. विंडोज १० या प्रणालीला मायक्रोसॉफ्टने देऊ केलेला नियमित पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. त्याची सूचना अनेक संगणकांवर दिसते आणि ती खरी आहे. तिचा अर्थ संगणक बंद पडणार, असा नाही. सुरक्षिततेच्या नव्या दुरुस्त्या नेहमीप्रमाणे मिळणार नाहीत, एवढाच आहे. पुढे काय करावे, हे जाणत्या माणसाला विचारून सवडीने ठरवावे. मात्र त्या नावाखाली कोणाचा फोन आला, तर तो ठेवून द्यावा.

मग हाक कोणाला मारावी?

पहिली हाक जवळच्या माणसाला. मुलगा-मुलगी दूर असली तरी हरकत नाही. विंडोजमध्ये ‘क्विक असिस्ट’ नावाची सोय आहे. तिकडून मुलगा एक संकेतांक सांगतो, तो आपण इकडे टाकतो, आपण परवानगी देतो आणि त्याला आपला पडदा दिसू लागतो. काम झाले की जोडणी तोडायची. एरवी हाच प्रकार धोक्याचा. येथे चालतो, कारण आवाज ओळखीचा आहे आणि फोन आपण केलेला आहे. शेजारचा महाविद्यालयात जाणारा मुलगा किंवा मुलगी हाही मोठा आधार असतो. त्यांना पासवर्ड सांगू नये; तो टाकण्याची वेळ आली की आपणच टाकावा.

दुसरी हाक गावातल्या ओळखीच्या दुरुस्ती दुकानाला. संगणक देण्यापूर्वी खर्चाचा अंदाज विचारावा, पावती घ्यावी आणि ‘आतली माहिती आधी उतरवून घ्या’ हे स्पष्ट शब्दांत सांगावे. ‘फॉरमॅट करावा लागेल’ या वाक्याला मान डोलावली, तर वर्षानुवर्षांचे फोटो, कुलवृत्तान्तासाठी जमवलेली टिपणे, आठवणींची लिहिलेली पाने कायमची जाऊ शकतात. नव्या संगणकावर जुना मराठी मजकूर निरर्थक इंग्रजी अक्षरांसारखा दिसू लागला, तर मात्र घाबरू नये. युनिकोड सर्वत्र रुळण्यापूर्वी श्रीलिपी किंवा शिवाजी यांसारख्या टंकांत टंकलेले लेखन त्या टंकाशिवाय असेच दिसते. मजकूर शाबूत असतो; टंक बसवला किंवा युनिकोडमध्ये रूपांतर केले की तो परत वाचता येतो. केवळ या अज्ञानापायी अशा फाइली पुसून टाकू नयेत.

महत्त्वाच्या फाइलींची एक प्रत वेगळ्या हार्ड डिस्कवर असावी आणि शक्य असल्यास आणखी एक दुसऱ्या गावी, मुलांकडे. २२ जुलै २०२१ च्या पुरात चिपळुणात वाशिष्ठीचे पाणी घराघरांत शिरले. संगणक आणि त्याची प्रत एकाच खोलीत असतील, तर असे पाणी दोन्ही घेऊन जाते, हा त्या पुराने शिकवलेला धडा आहे.

तिसरी हाक संस्थांना. कंपनीचा मदत क्रमांक वॉरंटीच्या कागदावरून घ्यावा, बँकेचा क्रमांक पासबुकावरून किंवा कार्डाच्या मागून घ्यावा. इंटरनेटवर ‘कस्टमर केअर’ असे शोधून वर आलेला पहिला क्रमांक फिरवू नये, कारण तेथे भामटे आपले क्रमांक पेरून ठेवतात. हयातीच्या दाखल्यासाठी पोस्टाची घरपोच सेवा आहे, थोडे शुल्क घेऊन पोस्टमन घरी येतो. केंद्र सरकारच्या ८० वर्षांवरील निवृत्तांना तर हा दाखला १ ऑक्टोबरपासूनच देता येतो, तेव्हा शेवटच्या दिवसांची घाई टाळावी. वयोमानाने बोटांच्या रेषा झिजतात, त्वचा कोरडी पडते आणि यंत्र ठसा ओळखत नाही. त्यात आपला काही दोष नाही. चेहरा किंवा डोळ्याची बाहुली यांच्या आधारेही ओळख पटवता येते. ज्येष्ठांसाठी १४५६७ ही राष्ट्रीय मदतवाहिनी सकाळी ८ ते रात्री ८ या वेळेत उपलब्ध असते. कुठे जावे हेच सुचत नसेल, तर तेथे विचारावे.

आणि पैसे गेलेच, तर वेळ दवडू नये. हृदयविकारात पहिला तास जसा मोलाचा, तसा येथेही. चोरलेले पैसे एका खात्यातून दुसऱ्यात भराभर फिरवले जातात. तक्रार लवकर पोहोचली, तर वाटेतच ते अडवता येण्याची शक्यता असते. ताबडतोब १९३० हा क्रमांक फिरवावा आणि आपल्या बँकेलाही कळवावे. संगणकाचे इंटरनेट तोडावे, पासवर्ड दुसऱ्या यंत्रावरून बदलावेत. ओटीपी आपणच सांगितला असला, तरी गप्प बसू नये. रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ रोजी काढलेल्या परिपत्रकानुसार, ग्राहकाच्या हयगयीमुळे झालेले नुकसान बँकेला कळवेपर्यंत ग्राहकाचे असते. कळवल्यानंतर होणारे नुकसान बँकेचे. म्हणजे कळवायला लावलेला प्रत्येक क्षण आपल्याच खिशातून जातो.

काळजी घेणाऱ्यांसाठी

असे असूनही ज्येष्ठ उशीर का करतात? बहुतेक वेळा कारण एकच असते. मुले रागावतील, याची भीती. म्हणून हा शेवटचा भाग मुले, सुना, जावई आणि नातवंडांसाठी आहे.

‘मागच्या आठवड्यातच सांगितलं होतं ना, आई?’ हे वाक्य आपल्याला साधे वाटते. ऐकणाऱ्याला ते ‘पुन्हा विचारू नकोस’ असे ऐकू येते. प्रिंटरसारख्या लहान प्रश्नावर जिला बोलणी खावी लागली, ती आई खात्यातून दोन लाख गेल्यावर तुम्हाला फोन करणार नाही. ती देवापुढे बसेल, जेवणार नाही, दोन दिवसांनी सांगेल. आणि ते दोन दिवसच चोराला हवे असतात. रोजच्या किरकोळ प्रश्नांना तुम्ही किती शांतपणे उत्तर देता, यावर मोठ्या संकटातली हाक तुमच्यापर्यंत पोहोचणार की नाही, हे ठरत असते.

तेव्हा शिकवताना माऊस त्यांच्याच हातात राहू द्यावा. तुम्ही झटपट करून दिलेले काम पाहून कोणी शिकत नाही. एका वेळी एकच गोष्ट सांगावी आणि ती त्यांच्या शब्दांत, त्यांच्याच अक्षरात वहीत लिहू द्यावी. पडद्यावरची चिन्हे न विचारता हलवू नयेत. रोजच्या वापरातला डबा कोणी हलवला की स्वयंपाकघरात जसा गोंधळ होतो, तसाच येथेही होतो. आठवड्यातला एक ठरावीक वार आणि वेळ ‘संगणकाच्या फोना’साठी राखावी, मग प्रश्न साठवून ठेवता येतात आणि ‘त्रास देतो आहोत’ ही भावना उरत नाही.

एक गोष्ट वैद्यकीय दृष्टीने लक्षात ठेवावी. नवे विसरणे स्वाभाविक आहे. पण जी व्यक्ती वर्षानुवर्षे बँकेचे व्यवहार बिनचूक करत होती, ती काही महिन्यांत ओळखीच्याच पायऱ्यांवर वारंवार अडखळू लागली, एकच बिल दोनदा भरू लागली, आकड्यांत गोंधळू लागली, तर तिला नव्याने शिकवत बसण्यापेक्षा डॉक्टरांना सांगावे. मोतीबिंदू, कमी झालेली श्रवणशक्ती, थायरॉइडचा विकार, ब १२ जीवनसत्त्वाची कमतरता, एखाद्या औषधाचा परिणाम, यांपैकी काहीही असू शकते आणि यांतल्या बऱ्याच गोष्टींवर उपाय आहे. स्मृतिभ्रंशाची सुरुवातही कधी कधी पैशांच्या व्यवहारांतूनच प्रथम लक्षात येते. ती लवकर कळली, तर उपचार आणि पुढची व्यवस्था दोन्ही वेळेवर होतात.

वाचकहो, पुढचा अंक हाती येईपर्यंत एवढे एक काम करावे. जाड कागदावर मोठ्या अक्षरांत पाच क्रमांक लिहावेत : घरातले एक माणूस, शेजारचे एक माणूस, दुरुस्ती दुकान, आपली बँक आणि १९३०. त्याखाली लिहावे, ‘पडद्यावरच्या क्रमांकावर फोन करायचा नाही.’ हा कागद संगणकाशेजारच्या भिंतीवर, चष्मा न लावताही दिसेल असा चिकटवावा. मग यांतल्या पहिल्या क्रमांकावर आजच फोन करावा आणि विचारावे, ‘‘कधी अडलो, तर तुला वेळी-अवेळी फोन केला तर चालेल ना?’’ येणारे ‘हो’ ऐकून ठेवावे. संकटाच्या वेळी फोन उचलताना तेच बळ देते.